पलंगाच्या पोटांत

वसईजवळच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस असें विचारलें आहे, कीं निजण्याची खोली नऊ फूट रुंद व दहा फूट लांब आहे, घरांत माणसें सहा आहेत, आणि पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्या ठेवण्यास कोठें जागा उरलेली नाहीं. तर खालीं सामान ठेवतां येईल असा पेटीचा पलंग घ्यावा कीं नाहीं, व घ्यावयाचा तर कोणता? प्रश्न दिसण्यांत सुताराचा आहे. परंतु पुष्कळ घरीं त्याचा निकाल दुकानदार लावतो, आणि त्या निकालाचे परिणाम घरांतील एखाद्या मुकाट माणसास वर्षानुवर्षें भोगावे लागतात. म्हणून ह्या महिन्याचें पान आम्ही ह्याच विषयास देत आहों.

पूर्वींच्या घरांत निजणें आणि सांठवणें हीं दोन कामें दोन ठिकाणीं होत असत. धान्य कणगींत, भांडीं माळ्यावर, ठेवणीचीं वस्त्रें पेटाऱ्यांत, व नित्याच्या वस्तू फडताळांत. अंथरुणें रात्रीं पसरावयाचीं, सकाळीं त्यांच्या वळकट्या करून एका कोपऱ्यांत रचावयाच्या, आणि निजण्याची जागा दिवसा बसण्याची व्हावयाची. पलंग असलाच तर साऱ्या घरांत एखादा. आज वसई-विरारच्या भागांत गिरगांव, दादर, परळ येथील चाळी सोडून आलेलीं कुटुंबें कितीतरी आहेत. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि आसपासचीं गांवें एकत्र करून ३ जुलै २००९ रोजीं येथें महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. घरें झालीं, पण घरांतून माळा गेला, फडताळ गेलें, अडगळीची खोली गेली. मागें उरला पलंग. आणि ह्या सर्वांचा भार आतां त्याच्या पोटांत घालण्याचा प्रघात पडला आहे.

हा भार घालण्यापूर्वीं थोडें थांबावें, असें आम्हांस वाटतें. अमरकोशांत मंच, पर्यंक, पल्यंक आणि खट्वा हे शब्द एकाच पंक्तीस बसविलेले आहेत. आपली खाट त्यांतल्या खट्वेपासून आली आणि पलंग पल्यंकापासून. पाणिनीच्या व्याकरणांत ‘खट्वारूढ’ ह्या समासास मात्र निंदेचा अर्थ दिलेला आहे. विद्या पुरी करावी, गुरूंची आज्ञा घ्यावी आणि मग खाटेवर बसावें, हा क्रम मोडून जो आधींच चढून बसतो तो खट्वारूढ. पुढें कोणत्याही अविचारी मनुष्यास तें नांव लागलें. खोली मोजण्यापूर्वीं पलंगाचे पैसे देणाऱ्या गृहस्थासही तें शोभेल.

तेव्हां पहिलें काम मोजण्याचें. कागदावरील क्षेत्रफळावर विसंबूं नये. लोक ज्यास ‘रेरा’ म्हणतात त्या २०१६ च्या कायद्यांतील चटई क्षेत्राच्या व्याख्येंत घराच्या आंतील विभाजक भिंतींनीं व्यापलेली जागाही धरलेली आहे. तिच्यावर गादी पसरतां येत नाहीं. मोजपट्टी घेऊन भिंतीच्या आंतल्या अंगानें मोजावें, आणि दार व कपाट उघडल्यावर किती जागा अडते, तीही मोजावी. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत राहण्याच्या खोलीचें किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें १०२ चौरस फूट, व किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांस थोडी कमी, अशी सांगितली आहे. दोन खोल्यांच्या घरांतील दुसरी खोली ७.५ चौरस मीटरांची असली तरी चालते. लहान खोली म्हणजे काय, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

आतां आमच्या भगिनींच्या खोलीचें गणित करूं. दोघांच्या पलंगाची बाजारांतील सर्वसाधारण लांबी ७८ इंच, आणि रुंदी ६० किंवा ७२ इंच. साठ इंची पलंगास साडेबत्तीस चौरस फूट जागा लागते, म्हणजे नव्वद फुटांच्या खोलीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग तोच घेतो. खोलीची रुंदी १०८ इंच. पलंग मधोमध ठेवला तर दोन्ही अंगांस चोवीस-चोवीस इंच उरतात. ओढत्या खणांचा पलंग घेतला, तर खण बावीस इंच तरी बाहेर येणार, आणि तो ओढणारें माणूस वांकून उभें राहण्यास आणखी अठरा इंच हवेत. चाळीस इंचांची गरज आणि चोवीस इंचांची प्राप्ति! दुकानांत हा पलंग फार देखणा दिसतो, कारण दुकानाची खोली तीस फुटांची असते. पलंग एका भिंतीस लावून सरकविला, तर दुसऱ्या अंगास अठ्ठेचाळीस इंच मिळतात खरे. परंतु समोरच्या भिंतीशीं बावीस इंच खोलीचें कपाट असलें कीं पुन्हां सव्वीसच उरतात, आणि भिंतीकडे निजणाऱ्यास रात्रीं दुसऱ्यास ओलांडून उतरावें लागतें. पायथ्याशीं मात्र १२० वजा ७८, म्हणजे बेचाळीस इंच शिल्लक राहतात. तेथें दार किंवा कपाट येत नसेल, तर खण पायथ्याचे असावेत, नाहींतर मुळींच नसावेत.

दुसरा प्रकार वर उघडणाऱ्या झांकणाचा. ह्यांत जुनी रीति सुट्या फळ्यांची: गादी गुंडाळावयाची, फळी उचलावयाची, वस्तु काढावयाची, आणि पुन्हां सर्व पूर्ववत् करावयाचें. स्वस्त आहे, बिघडण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. परंतु हें काम तरुण व निरोगी माणसाचें आहे. कंबर धरलेल्या माणसानें तें करूं नये, आणि घरोघर तें नेमकें त्याच माणसाकडे येतें. नवी रीति दांड्यांवर उचलणाऱ्या झांकणाची. तिला ‘हायड्रॉलिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्या नळकांड्यांत बहुधा दाबून भरलेला नायट्रोजन वायु असतो, आणि झांकण वर उचलण्याचा जोर तो देतो. हा जोर न्यूटनमध्यें सांगतात; शंभर न्यूटन म्हणजे सुमारें दहा किलो वजन तोलण्याइतका. गादी हलक्या फोमची आणि दांडे जोरकस, तर झांकण नीट मिटत नाहीं. गादी कापसाची किंवा काथ्याची जड आणि दांडे दुबळे, तर तें वर ठरत नाहीं. म्हणून दुकानांत रिकामें झांकण उचलून पाहण्यांत अर्थ नाहीं. जी गादी घरीं घालावयाची, तिच्या वजनाची गादी वर ठेववून पाहावें. आणि घरांत जी व्यक्ति तें नित्य उघडणार, तिच्याच हातानें उघडवून पाहावें.

ह्यांत केवळ सोयीचा प्रश्न नाहीं. वायूचा जोर वर्षांगणिक कमी होत जातो, आणि दांडा निकामी झाला तर झांकण गादीसह खालीं येतें. २०२४ सालीं जून महिन्यांत इंग्लंडांतील डरहॅम परगण्यांत एक स्त्री अशाच पलंगाच्या पेटींत वांकली असतां झांकण मानेवर येऊन मरण पावली. दोन दांड्यांपैकीं एक सदोष होता, असें तेथील चौकशींत निष्पन्न झालें. तेव्हां झांकण जड वाटूं लागलें, वर न थांबतां हळूहळू खालीं येऊं लागलें, कीं दांडे त्याच आठवड्यांत बदलून घ्यावेत. आंत वांकतांना दुसऱ्या माणसानें झांकण धरावें, किंवा त्याखालीं बळकट लांकडी टेकू द्यावा. आणि घरांत लहान मुलें असतील तर पेटीस बाहेरून कडी असावी. लपंडावांत लपण्यास मुलांना ही जागा फार आवडते, आणि तें झांकण आंतून त्यांस उचलत नाहीं.

भिंतींत उभा मिटणारा पलंग म्हणून एक प्रकार आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरीं विल्यम मर्फी ह्या गृहस्थानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो प्रचारांत आणला. त्यानें खोली दिवसा मोकळी होते, पण सांठवण मिळत नाहीं. शिवाय भिंत भक्कम हवी आणि रोजची उचल हवी. तात्पर्य, आपल्या वळकटीनें तेंच काम कमी खर्चांत केलें होतें.

आतां वसईच्या हवेकडे वळूं. ह्या पट्ट्यांत वर्षास २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. समुद्र जवळ, खाडी जवळ. आषाढांत भिंतीवर हात ठेवला तरी ओल लागते. अशा हवेंत बंद पेटी म्हणजे बुरशीचें माहेर. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्यास रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, आणि तळमजल्यांवरच्या कितीतरी घरांत पाणी शिरलें, हें वाचकांस स्मरत असेल. ज्यांचा पलंग जमिनीस टेकलेल्या पेटीचा असेल, त्यांच्या गाद्या अशा वेळीं पहिल्या तासांतच भिजणार. म्हणून पेटी जमिनीस टेकलेली नसावी. तिला निदान चार इंचांचे, आणि तळमजल्यावर सहा-आठ इंचांचे पाय असावेत. खालून केरसुणी फिरली पाहिजे आणि वारा खेळला पाहिजे. पलंगाखालीं मोकळी जागा असावी असें जुनीं माणसें म्हणतात, तें ह्या दृष्टीनें पूर्ण शास्त्रशुद्ध आहे.

लांकडाविषयीं थोडक्यांत. सागवान मिळालें व परवडलें तर प्रश्नच नाहीं. प्लायवुड घ्यावयाचें तर त्यावरील मानक संस्थेचा शिक्का स्वतः वाचावा: आय.एस. ३०३ हें साधारण कामाच्या प्लायवुडाचें मानक, आणि आय.एस. ७१० हें पाण्यास टिकणाऱ्या मरीन प्लायवुडाचें. भुसा दाबून केलेल्या फळीवर सनमायका कितीही सुंदर बसविलेला असला, तरी एकदां पाणी लागलें कीं ती फुगते, आणि फुगलेल्या फळींत स्क्रू धरत नाहीं. पेटीच्या तळाची फळी किती जाड आहे हें अवश्य विचारावें, कारण दुकानदार बहुधा तेथेंच काटकसर करतो. गादीखालच्या फळीस व पेटीच्या अंगास भोंकें असावींत. नाहींतर अंगाचा घाम गादींतून खालीं उतरून तेथेंच राहतो. पलंग पश्चिमेच्या भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावा. आणि ज्यांची इमारत चार मजल्यांची व लिफ्टवांचून आहे, त्यांनीं जिन्याचें वळण मोजल्यावांचून अखंड पेटी घेऊंच नये. सुटी करून जोडतां येणारी घ्यावी.

पेटींत काय ठेवावें? ज्याची आठवड्यांत गरज पडत नाहीं पण वर्षांत पडतेच, तें. कपडे व अंथरुणें पूर्ण वाळल्याखेरीज आंत घालूं नयेत; तीं सुती पिशव्यांत बांधावींत, प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. पेटी दोन-तृतीयांशच भरावी. पावसाळ्यांत पंधरवड्यांतून एक कोरडा दिवस पाहून झांकण वर करावें व पंखा लावून ठेवावा. आश्विनांतल्या उन्हांत सर्व कांहीं एकदां बाहेर काढून तापवावें. डांबरगोळ्यांविषयीं विशेष सावधगिरी हवी. ज्या अर्भकांस जी-६-पीडी नांवाच्या एंझाइमाची जन्मतः उणीव असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळें फुटतात, व बाळास कडक कावीळ होऊं शकते. बाळंतिणीच्या पलंगाखालीं, किंवा बाळाच्या दुपट्यांत, ह्या गोळ्या कदापि असूं नयेत. पूजेचीं उपकरणीं व सोंवळ्याचीं वस्त्रें अंथरुणाखालीं ठेवणें आपल्या घरांतून कोणास रुचत नाहीं. त्यांस उंचावरची लहानशी फळी पुरते.

येथवर सांगितलें तें सुतारकाम. आतां जें सांगावयाचें तें ह्याहून अधिक महत्त्वाचें आहे.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब नालासोपाऱ्यास राहतें. सासूसासरे, मुलगा, सून, व दोन नातवंडें. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्नांत घेतलेला मोठा पेटीचा पलंग अर्थातच जोडप्याच्या खोलींत बसला. घरांतील सर्वांत मोठी रिकामी जागा तीच, म्हणून पाहुण्यांच्या गाद्या, सासूबाईंच्या शाली, सासऱ्यांच्या जुन्या कागदांचीं बोचकीं, गौरीगणपतीचे पडदे, सर्व तींत गेलें. सून मुंबईस एका रुग्णालयांत परिचारिका. पहांटेची गाडी गांठावयाची, म्हणून तिला नऊस निजावें लागे. आणि पाहुणे ह्या बाजूस येतात ते दहाच्या पुढें. मग दारावर टकटक होई. “अगं, जरा उठतेस का? दोनच गाद्या काढायच्या आहेत.” ती उठे, मुलांस उचलून बाजूस ठेवी, झांकण वर करी, गाद्या काढून देई, आणि पुन्हां निजे, पण गेलेली झोप परत येत नसे. दोन वर्षें तिनें एक शब्द काढला नाहीं. एकदां मात्र सासूबाईंनीं दुपारीं सहज विचारलें, “तुझे डोळे अलीकडे असे ओढलेले कां दिसतात?” तेव्हां ती म्हणाली, “आई, ह्या घरांत मला खोली आहे, पण ती कोठीची खोली आहे. मी तिच्यांत निजतें, एवढेंच.”

सासूबाई समंजस. त्या रागावल्या नाहींत. आपल्या सुनेपणीं माजघरांत सर्वांच्या पायांशीं काढलेल्या रात्री त्यांस आठवल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः उभें राहून ती पेटी रिकामी करविली. गाद्या निघाल्या नऊ. एका वेळीं पाहुणे तीनांहून अधिक कधीं आले नव्हते. तीन गाद्या बाहेरच्या खोलींतील दिवाणाखालीं गेल्या, बाकीच्या देऊन टाकल्या. शाली सासूबाईंच्या स्वतःच्या खाटेखालच्या पेटींत आल्या. सुनेच्या पलंगांत सुनेचें व मुलांचें सामान राहिलें. एक पैसाही न खर्चितां त्या घरांत एक खोली वाढली.

ह्याच दुःखाचें दुसरें रूप वृद्धांच्या वांट्यास येतें. आजोबा दिवसा पडलेले असतात, म्हणून नातवांचीं जुनीं पुस्तकें, इस्त्रीची घडवंची, बेगेचा ढीग त्यांच्या खाटेखालीं, आणि दर तासास कोणी तरी म्हणतें, “आजोबा, जरा पाय वर घ्या.” वृद्धांस पलंग कसा हवा, ह्याचेंही एक गणित आहे: काठावर बसलें असतां दोन्ही पावलें जमिनीस पूर्ण टेकलीं पाहिजेत. गादीसह उंची अठरा-वीस इंचांच्या आसपास असली, तर बहुतेकांस उठणें सोपें जातें. बारा इंच खोल पेटी, तिला पाय, आणि वर आठ इंच गादी, अशी रचना केली कीं ती उंची चोवीस इंचांवर जाते, व रात्रीं उतरतांना तोल जातो. त्यांच्यासाठीं पेटी उथळ असावी, किंवा पेटीच नसावी. साधी उघड्या पायांची खाट असावी आणि तिच्याखालीं फक्त त्यांच्या वहाणा.

जुन्या घरांतही मोठ्या पेटाऱ्यावर अंथरूण घालून घरचें वडील माणूस निजे. पण त्यांत एक हेतु असे: पेटारा रात्रीं कोणास उघडतां येऊं नये. निजलेल्या माणसास उठविल्यावांचून झांकण उघडत नाहीं, हा त्या योजनेचा गुण होता. आजच्या पेटीच्या पलंगाचा स्वभाव तोच आहे. आपण मात्र त्यांत अशा वस्तू भरतों, ज्यांची आठवण रात्रीं दहा वाजतां होते.

म्हणून आमच्या भगिनींस आमचें उत्तर असें. पेटीचा पलंग अवश्य घ्यावा, पण साठ इंचांहून रुंद नको. खण पायथ्याचे, किंवा झांकण पायथ्याकडून उचललें जाणारें, पाय चार इंचांचे, अंगास भोंकें. पाहुण्यांच्या गाद्यांसाठीं बाहेरच्या खोलींत पेटीचा दिवाण निराळा करावा, कारण पाहुणे निजणार तेथेंच. आणि घरांत एक नियम घालावा: ज्याची झोप, त्याचीच सांठवण. ज्याच्या पलंगाखालीं जें ठेवावयाचें, तें त्याचें स्वतःचें असावें. सर्वांचें सामान सर्वांच्या जागेखालीं असावें.

आणि दुकानीं जाण्यापूर्वीं एक रविवार काढून, जें सांठवावयाचें तें सर्व जमिनीवर मांडून पाहावें. साठ इंची पलंगाच्या पोटांत बारा इंच उंचीच्या पेटीनें सुमारें पंचवीस घनफूट जागा मिळते. ती थोडी नाहीं. त्या ढिगांतून वर्षभर कोणीं हात न लावलेल्या वस्तू बाजूस केल्या, तर पुष्कळ घरीं नवा पलंग न घेतांच प्रश्न सुटतो, असा अनुभव आहे. आणि न सुटला, तरी केवढा पलंग हवा हें तरी निश्चित कळतें.